ऑस्ट्रेलियातल्या महाराष्ट्र मंडळांना खुलं पत्र : ॲबोरिजिनल मुसलमानांना ‘भोळे’ म्हणण्याआधी

नमस्कार मंडळी,

सिडनी, मेलबर्न, ब्रिस्बेन, पर्थ आणि आमचं ॲडलेड, जिथे जिथे आपली मंडळं आहेत तिथल्या कमिटीच्या लोकांना, रविवारच्या मराठी शाळेत शिकवणाऱ्या ताई-दादांना आणि खास करून व्हॉट्सॲप ग्रुपच्या ॲडमिन लोकांना हे पत्र आहे. मी ॲडलेडला राहते, बरीच वर्षं झाली आता, गणपतीत मोदक वळायला असते, नाटकाच्या तालमींना असते, त्यामुळे कोणीतरी बाहेरची येऊन आपल्याला शहाणपण शिकवतेय असं कृपया समजू नका, घरातलंच बोलणं आहे.

कारण काय, तर तो फॉरवर्ड. बहुतेकांकडे आलाच असेल. ऑस्ट्रेलियात आता आदिवासींनाही मुसलमान करून बाटवायला लागलेत, लाखोंनी धर्मांतर चालू आहे, सरकार झोपलंय, जागे व्हा, वगैरे वगैरे. असे मेसेज येतात आणि जातात, मी सहसा उत्तर देत नाही. पण यावेळी त्याखाली कोणीतरी लिहिलं की बिचारे भोळे लोक आहेत, त्यांना काय कळतंय, कोणीही येतं आणि फसवतं. आणि त्या कमेंटला सगळ्यात जास्त अंगठे पडले. फॉरवर्डपेक्षा मला ती कमेंट जास्त लागली, कारण ती लिहिणारी माणसं वाईट नाहीत, माझ्या ओळखीची आहेत, आणि ते दयेपोटीच लिहिलंय हे मला माहितीये. पण ही दया चुकीची आहे आणि ती का चुकीची आहे ते मला जरा सविस्तर सांगायचंय, तेव्हा वेळ काढून वाचा.

आधी आकडे, म्हणजे ते एकदा बाजूला होतील. २००१ च्या जनगणनेत स्वतःला आदिवासी म्हणजे ॲबोरिजिनल किंवा टोरेस स्ट्रेट आयलंडर आणि सोबत मुस्लिम असं दोन्ही लिहिणारे ६४१ लोक होते. २००६ ला १,०१४ झाले. २०११ ला १,१४०. आता २०११ मध्ये एकूण आदिवासी लोकसंख्या होती साधारण साडेपाच लाख, म्हणजे पाचशे माणसांत एक. दहा वर्षांत जवळजवळ दुप्पट झाले हे खरंय आणि फॉरवर्ड करणारे तेवढंच उचलतात, पण सहाशेचे अकराशे झाले याला लाखो म्हणत नाहीत. त्याच जनगणनेत निम्म्याहून जास्त आदिवासींनी ख्रिश्चन लिहिलं होतं, त्याबद्दल आपल्या ग्रुपवर आजपर्यंत एक अक्षर कोणी लिहिलेलं मी तरी पाहिलेलं नाही.

पण आकडे लहान आहेत म्हणून गप्प बसा असं मला म्हणायचं नाहीये. उद्या ते दहापट झाले तरी माझं म्हणणं हेच राहील. माझं म्हणणं असं की इस्लाम या लोकांना आज कोणी नव्याने आणून दाखवलेला नाही. इंग्रजांची पहिली वस्ती सिडनीला १७८८ मध्ये झाली, आणि त्याच्याही आधीपासून उत्तरेकडच्या आदिवासींच्या किनाऱ्यावर मुसलमान खलाशी येत होते.

सुलावेसी बेटावरचं मकासर बंदर, आजच्या इंडोनेशियात आहे. तिथून दरवर्षी डिसेंबरच्या आसपास वायव्येचा पावसाळी वारा सुटला की गलबतं निघायची आणि ऑस्ट्रेलियाच्या उत्तर टोकाला अर्नहेम लँडच्या किनाऱ्याला लागायची. त्या प्रदेशाला ते मारेगे म्हणायचे. कशासाठी यायचे तर ट्रेपांगसाठी, म्हणजे समुद्रकाकडी, समुद्राच्या तळाशी पडून असलेला तो जाडजूड प्राणी, चीनमध्ये त्याला सोन्यासारखा भाव होता. किनाऱ्यावर मोठमोठ्या लोखंडी कढया दगडांच्या चुलींवर चढवायच्या, ट्रेपांग उकळायचा, वाळवायचा, धुरी द्यायची, आणि एप्रिलच्या सुमारास वारा फिरला की माल भरून परत. अठराव्या शतकाच्या मध्यापासून तर हे नक्की चालू होतं, त्याही आधीपासून असावं असं मानणारे संशोधक आहेत. त्या चुलींच्या दगडांच्या रांगा आजही त्या किनाऱ्यावर आहेत. आणि चिंचेची झाडं आहेत, मोठी, जुनी, ओळीने. चिंच मूळची ऑस्ट्रेलियातली नाही. मकासरचे खलाशी जेवणात चिंच वापरायचे, चिंचोके तिथेच टाकायचे, त्याची ही झाडं झालीत, आणि अभ्यासक आजही जुना तळ शोधायचा असला की आधी चिंचेचं झाड कुठे दिसतंय ते बघतात.

१८०३ च्या फेब्रुवारीत मॅथ्यू फ्लिंडर्स जहाज घेऊन या खंडाला चक्कर मारत होता तेव्हा त्याला अर्नहेम लँडजवळ सहा गलबतं दिसली. त्यांच्या म्होरक्याचं नाव पोबासू. तो म्हणाला की गेल्या वीस वर्षांत मी सहा-सात वेळा इकडे येऊन गेलोय. फ्लिंडर्सने हे सगळं लिहून ठेवलंय, हे लोक मुसलमान आहेत आणि आमच्या होडीतली डुकरं बघून त्यांना फार किळस आली हेसुद्धा लिहिलंय. म्हणजे ज्या माणसाने या देशाचं ऑस्ट्रेलिया हे नाव रूढ केलं तो स्वतः साक्षीदार आहे.

आता महत्त्वाचं. इतकी वर्षं हे लोक येत होते, महिनोन्‌महिने राहत होते, मग तिथले योलंगू आदिवासी मुसलमान झाले का? नाही झाले. त्यांनी लोखंडी कुऱ्हाडी घेतल्या, खोडातून कोरलेली होडी घेतली, तंबाखू घेतली, शेकड्याने शब्द घेतले, काही तरुण तर गलबतावर बसून मकासरला जाऊन राहून आले, तिकडे काहींनी संसार केले. गलबतांची चित्रं सालीवर आणि दगडावर काढली. आणि धर्माचं म्हणाल तर तेही त्यांनी आपल्या पद्धतीने घेतलं. एल्चो बेटावर, म्हणजे गालिविंकूला, डेव्हिड बुरुमारा नावाचे मोठे नेते होते, त्यांच्याकडून इयन मॅकिंटॉश या मानववंशशास्त्रज्ञाने जे ऐकून लिहून ठेवलंय त्यात वलिथा-वलिथा असं एक दैवत येतं, मयताच्या विधींमधल्या गाण्यांमध्ये त्याचं नाव येतं, आणि ते अल्लाह तआला या शब्दांवरून आलंय असं ते सांगतात. विधी योलंगूंचाच, गाणं योलंगूंचं, पूर्वजही त्यांचेच, आणि त्यात हे एक दुरून आलेलं नाव सामावून घेतलेलं.

मला सांगा, यात भोळेपणा कुठे दिसतो? शंभर-दीडशे वर्षं एक धर्म दरवर्षी दारात येऊन उभा राहतोय, त्यातलं काय घ्यायचं आणि काय नाही हे या लोकांनी स्वतः ठरवलं. जे पटलं ते घेतलं. बाकीचं त्या लोकांबरोबर गलबतात परत गेलं.

हे सगळं गोडीगुलाबीचं होतं असं मी म्हणणार नाही. भांडणं झाली, खून पडले, बायकांवरून तंटे झाले, दारू या गलबतांतून आली, रोगही आले असं बरेच जण मानतात. पण मकासरवाल्यांनी तिथे जमिनीवर हक्क सांगितला नाही, पोरं उचलून नेली नाहीत, आणि तुमचे देव सोडा म्हणून कोणावर जबरदस्ती केली नाही. म्हणूनच योलंगूंच्या आठवणीत ते बऱ्यापैकी आपुलकीने राहिलेत. हा व्यवहार बंद कोणी केला? आमच्या ॲडलेडच्या सरकारने. अर्नहेम लँड ज्यात येतं ती नॉर्दर्न टेरिटरी तेव्हा दक्षिण ऑस्ट्रेलियाच्या ताब्यात होती, आधी त्यांनी जकात लावली, मग परवाने लावले आणि १९०६ मध्ये परवाने देणंच थांबवलं. उसिंग दायेंग रांका हा शेवटचा कप्तान, १९०७ मध्ये तो परत गेला आणि नंतर एकही गलबत आलं नाही. योलंगूंना कोणी विचारलंसुद्धा नाही. पुढे १९८८ मध्ये, इकडे इंग्रजांच्या आगमनाच्या दोनशे वर्षांचा सोहळा चालू होता तेव्हा, हाती मारेगे नावाचं जुन्या पद्धतीने बांधलेलं गलबत मकासरहून अर्नहेम लँडला आलं, ते आता डार्विनच्या म्युझियममध्ये ठेवलंय. डार्विनला मगरी बघायला सगळे जातात, तेही बघून या.

दुसरी गोष्ट उंटवाल्यांची, आणि ही तर आपल्या जवळची आहे. १८६० मध्ये हा खंड दक्षिणेकडून उत्तरेला ओलांडायला निघालेल्या बर्क आणि विल्सच्या मोहिमेसाठी मेलबर्नला उंट उतरले, सोबत उंटवाले होते. १८६६ मध्ये दक्षिण ऑस्ट्रेलियातला व्यापारी थॉमस एल्डर याने सव्वाशेच्या आसपास उंट आणि तीसएक उंटवाले पोर्ट ऑगस्टाला आणले. आणले कुठून? कराचीहून. आणि कराची तेव्हा कशात होती? मुंबई इलाख्यात. सिंध १९३६ पर्यंत मुंबई इलाख्याचा भाग होता, म्हणजे ज्या सरकारच्या कारभारात पुणे, सातारा, रत्नागिरी होतं त्याच सरकारच्या बंदरातून ही माणसं इकडे आली. यांना सगळ्यांना सरसकट अफगाण म्हटलं गेलं पण त्यात बलुची होते, पंजाबी होते, सिंधी होते, पेशावरकडचे पठाण होते. ॲडलेड ते डार्विन जाणाऱ्या रेल्वेला आपण हौसेने घान म्हणतो, फोटो टाकतो, ते नाव या लोकांचं आहे. तारेचे खांब, रेल्वेचे रूळ, पाण्याच्या टाक्या, पीठ, साखर, मेंढ्यांची लोकर, या देशाच्या मधल्या वाळवंटात पुष्कळसं सामान गेलं-आलं ते उंटावर आणि या लोकांनी नेलं-आणलं.

ॲडलेडच्या लिटल गिल्बर्ट स्ट्रीटवरची मशीद त्यांनी १८८८-८९ मध्ये बांधली, मिनार १९०३ चे आहेत. सेंट्रल मार्केटला भाजी घ्यायला आपण जातो तिथून चालत जाण्यासारखी आहे. आणि मरी म्हणून गाव आहे, ॲडलेडपासून साधारण साडेसहाशे-सातशे किलोमीटर उत्तरेला. आम्ही लेक एअर हे मोठं खारं सरोवर बघायला निघालो होतो तेव्हा वाटेत थांबलो. आता तिथे फार काही नाही, जुनं स्टेशन आहे, रूळ नसलेल्या फलाटाशी जुनी इंजिनं गंजत उभी आहेत, आणि खजुराची झाडं आहेत, ती उंटवाल्यांनी लावलेली. लाकडी खांबांवर गवताचं छप्पर घातलेली एक छोटीशी मशीद आहे, जुनी होती तशी परत उभारलेली, चार-पाच रांगा कशाबशा होतील एवढीच. गाव रेल्वेलाईनने मधोमध कापलेलं होतं. एका बाजूला गोरे. दुसऱ्या बाजूला अफगाण आणि आदिवासी. म्हणजे या दोघांना शेजारी कोणी केलं ते बघा, गोऱ्यांच्या वस्तीत दोघांनाही जागा नव्हती म्हणून ते शेजारी झाले. माझा मुलगा तिथे उभा राहून विचारत होता की मग आपण असतो तर कुठल्या बाजूला राहिलो असतो. मी म्हटलं या बाजूला रे बाबा, यांच्याबरोबर.

गोरे नसलेल्यांना देशाबाहेर ठेवणाऱ्या १९०१ च्या इमिग्रेशनच्या कायद्यानंतर उंटवाल्यांना बायका आणता येईनात, बऱ्याच जणांना नागरिकत्व नाकारलं, गोऱ्या बाईशी लग्न केलं तर गावात बोंबाबोंब. त्यातल्या कितीतरी जणांनी आदिवासी बायकांशी संसार केले. आणि त्यावरही सरकारची नजर. पश्चिम ऑस्ट्रेलियाचा १९०५ चा कायदा असा होता की आदिवासी बाईला आदिवासी नसलेल्या माणसाशी लग्न करायचं तर चीफ प्रोटेक्टर नावाच्या अधिकाऱ्याची परवानगी लागायची, आणि सोळा वर्षांखालच्या प्रत्येक आदिवासी मुलाचा कायदेशीर पालक तोच, आईबाप नाहीत. तिथल्या गोल्डफील्ड्स म्हणजे सोन्याच्या खाणींच्या भागातली आदिवासी बाई लॅली मॅटबार आणि जॅक अकबर नावाचा उंटवाला, यांना १९२० च्या दशकात लग्न करायचं होतं. ए. ओ. नेव्हिल या चीफ प्रोटेक्टरने परवानगी दिली नाही. दोघं पळून इकडे दक्षिण ऑस्ट्रेलियात आले आणि लग्न केलं. विचार करा, एक सज्ञान बाई स्वतःच्या मनाने नवरा निवडते, आणि सरकार म्हणतं हिला काय कळतंय, हिचं रक्षण आम्ही करणार. आणि आता आपल्या ग्रुपवरची ती कमेंट परत वाचा.

या संसारांमध्ये सगळं चांगलंच होतं असंही नाही. वयात फार अंतर असायचं, मुलींची लग्नं बाप ठरवायचा, आणि त्या बायकांना स्वतःला काय वाटलं हे फारसं कोणी लिहूनच ठेवलं नाही, नवऱ्यांची नावं सापडतात, त्यांची नाही सापडत. मला याचं फार वाईट वाटतं. पण त्या घरांमधून जी मुलं वाढली त्यांची नातवंडं-पतवंडं आज ॲलिस स्प्रिंग्ज, पोर्ट ऑगस्टा, ॲडलेड सगळीकडे आहेत. त्यांच्यातल्या कित्येकांनी मिशनच्या शाळेत जाऊन ख्रिश्चन धर्म घेतला, कित्येक कुठलाच धर्म मानत नाहीत, पण घरात डुक्कर खायचं नाही, आलेल्याला जेवल्याशिवाय सोडायचं नाही, आजोबा चटईवर बसून काहीतरी म्हणायचे, एवढं शिल्लक राहिलं. आता त्यातलं कोणी चाळिशीत जाऊन कलमा पढलं तर त्याला बाटला म्हणायचं? तो आपल्या आजोबाकडे चाललाय. ब्रूम आणि थर्सडे आयलंडला मोती काढायला आलेले मलाय पाणबुडे, त्यांच्या घरांचीही हीच कथा, फक्त उंटाच्या जागी होडी.

मग जे कुठलंही नातं नसताना आज मुसलमान होतात, त्यांचं काय? त्यांच्याबद्दल बोलायचं तर आधी ख्रिश्चन मिशनबद्दल बोलावं लागेल. १९१० पासून १९७० पर्यंत आदिवासी मुलं आईबापांकडून काढून घेतली गेली, दहात एक ते तीनात एक मूल, असा अंदाज १९९७ च्या सरकारी चौकशीच्या अहवालात आहे. त्यातली फार मुलं चर्चच्या होस्टेलात गेली. भाषा बोललं की मार, नाव बदललं, आईचं पत्र आलं तर दिलं नाही. तेव्हाचे पंतप्रधान केविन रड यांनी १३ फेब्रुवारी २००८ ला पार्लमेंटमध्ये माफी मागितली. ज्याची आई अशा होस्टेलात वाढली तो माणूस येशूकडे कुठल्या नजरेने बघत असेल हे आपण बाहेरून सांगू शकत नाही, काहींना तिथेच आधार मिळाला, काहींना तो शब्दही नकोसा झाला. आणि ख्रिश्चन आदिवासी हे सगळे जबरदस्तीचे आहेत असंही कोणी म्हणू नये. गालिविंकूला १९७९ मध्ये योलंगूंनीच मोठी ख्रिश्चन धर्मजागृती केली, त्यांची स्वतःची, त्यांच्या भाषेत. अर्नहेम लँडमधल्याच यिर्कलाच्या लोकांनी १९६३ मध्ये आपल्या जमिनीसाठी सालीवर चिकटवलेला अर्ज पार्लमेंटला पाठवला तेव्हा तिथले मिशनरी एडगर वेल्स त्यांच्या बाजूने उभे राहिले आणि त्यांना ते महागात पडलं. त्याही धर्मात या लोकांनी आपली निवड केलीच.

शहरातल्या तरुणांपर्यंत इस्लाम आला तो बऱ्याचदा अमेरिकेतल्या काळ्या लोकांच्या लढ्यातून. सत्तरच्या दशकात सिडनीच्या रेडफर्नमध्ये आदिवासी पोरं माल्कम एक्स या त्या लढ्यातल्या मुसलमान नेत्याची भाषणं वाचत होती. मुहम्मद अली १९७९ मध्ये मेलबर्नला आला तेव्हा फिट्झरॉयच्या आदिवासी वस्तीतल्या लोकांना जाऊन भेटला, जगातला सगळ्यात मोठा बॉक्सर, काळा, मुसलमान, आणि कोणापुढे न वाकणारा. त्या भेटीने तिथल्या पोरांना काय वाटलं असेल! अँथनी मंडाइन हा आदिवासी खेळाडू, आधी रग्बी लीग आणि मग बॉक्सिंग, तो १९९९ मध्ये मुसलमान झाला आणि त्यानेही माल्कम एक्सचंच नाव घेतलं. मंडाइनची सगळी मतं मला पटत नाहीत, काही तर अजिबात पटत नाहीत, पण आपण का बदललो हे तो स्वतःच्या तोंडाने वर्षानुवर्षं सांगतोय. पीटा स्टीफनसन या संशोधक बाईंनी अशा बऱ्याच लोकांशी बोलून काम केलंय. त्यात लोक काय सांगतात तर दारू सुटली, घर सावरलं, दिवसाला वेळापत्रक आलं, गोऱ्या माणसाच्या मध्यस्थीशिवाय देव मिळाला, रांगेत सगळे खांद्याला खांदा लावून उभे राहतात. हे ऐकून फसवलेल्या माणसाचं बोलणं वाटतं का तुम्हाला?

जेलचा मुद्दा नेहमी येतो. देशाच्या लोकसंख्येत आदिवासी तीन-साडेतीन टक्के आणि जेलमध्ये तिसरा हिस्सा. जेलमध्ये काही जण मुसलमान होतात, न्यू साउथ वेल्समधल्या गोलबर्नच्या जेलवरून पेपरवाल्यांनी मध्यंतरी खूप लिहिलं होतं. संरक्षण मिळावं म्हणून, टोळी मिळावी म्हणून कोणी धर्म घेत असेल, आणि जिथे दहशतीचा प्रश्न आहे तिथे पोलिसांनी बघावंच, त्यात मी कशाला आडवी येऊ. पण या सगळ्या प्रकरणात आपल्याला धर्म तेवढा दिसतो आणि तीन टक्के माणसं जेलमध्ये तेहतीस टक्के कशी झाली हे दिसत नाही, याचा मला खरंच राग येतो.

मशिदींनाही मला दोन शब्द सांगायचेत, हे पत्र त्यांच्यापर्यंत गेलं तर बरंच. नव्याने आलेल्या आदिवासी माणसाला अरबी नाव घे, तुझ्या पूर्वजांच्या गोष्टी सोड, तो समारंभ हराम, असं सांगणारे लोक आहेत, आणि शतकभर आधीचं नातं असलेल्या माणसाला ‘तू कधी मुसलमान झालास’ असं विचारणारेही आहेत. लेबनॉन, पाकिस्तान, इंडोनेशिया, कुठूनही आलेले असोत, तेही आपल्यासारखेच इथे नंतर आलेले. ॲबोरिजिनल मुसलमान यावर उघड बोलतात, आम्ही आमचा देश, आमची नाती आणि आमचे म्हातारे सोडणार नाही, नमाजही पढू आणि आमचं ते सगळंही ठेवू असं म्हणतात. त्यांच्यातल्याच काही वडीलधाऱ्यांना हे पटत नाही, बाहेरचा धर्म तो बाहेरचाच असं ते म्हणतात. हा वाद त्यांच्या घरातला आहे. त्यात आपण मत देण्याइतकं काय केलंय त्यांच्यासाठी?

आणि मंडळी, आपण मराठी आहोत. धर्म बदलणं म्हणजे काय असतं हे आपल्याइतकं कोणाला माहिती असायला हवं? बाबासाहेबांनी १९३५ मध्ये येवल्याला सांगितलं आणि १९५६ मध्ये नागपूरला दीक्षा घेतली, मध्ये एकवीस वर्षं. सगळे धर्म वाचले, माणसं भेटली, विचार केला. त्यांच्याबरोबर लाखो लोक आले आणि त्यांनाही तेव्हा हेच म्हटलं गेलं होतं, अडाणी आहेत, एका माणसाच्या मागे मेंढरासारखे चाललेत. आपल्या मंडळात त्या घरातली माणसं आहेत, चौदा एप्रिलला आपण त्यांच्याबरोबर फोटो काढतो. तो ‘भोळे लोक’ वाचून त्यांच्यातलं कोणी काही बोललं नाही, पण मला दुसऱ्या दिवशी एका ताईचा फोन आला होता, बराच वेळ बोलल्या. त्या काय बोलल्या ते मी इथे लिहिणार नाही, त्यांचं त्यांनी सांगावं.

कोणी म्हणेल की बाई, जबरदस्तीचं, पैशाचं धर्मांतर होतच नाही का. होतं, आणि जिथे होतं तिथे त्याविरुद्ध बोलायलाच हवं, कुठल्याही धर्माचं असो. पण इथल्या आदिवासींच्या बाबतीत असा एक तरी पुरावा त्या फॉरवर्डमध्ये होता का? भारतातली भांडणं आपण सूटकेसमधून इकडे आणली आणि ज्यांचा त्याच्याशी काही संबंध नाही त्यांच्या अंगावर टाकली, एवढंच त्यात झालं.

तर माझ्या मागण्या, सरळ सांगते.

ॲडमिन लोकांनी तो मेसेज काढावा आणि का काढला ते दोन ओळीत ग्रुपवर लिहावं, नुसता गुपचूप डिलीट करू नये. गणपतीच्या आणि पाडव्याच्या कार्यक्रमात आपण स्टेजवरून ॲक्नॉलेजमेंट ऑफ कंट्री वाचतो, इथल्या मूळ लोकांचा मान राखतो म्हणतो, तो कागद दरवर्षी तोच असतो आणि वाचणाऱ्याला बऱ्याचदा ॲडलेडच्या मूळ लोकांचं, कौर्णांचं, नावही नीट म्हणता येत नाही. ते आधी शिकून घ्या. आणि एखाद्या वर्षी प्रमुख पाहुणे म्हणून सिनेमातलं कोणी बोलवण्याऐवजी कौर्णा समाजातल्या ज्येष्ठांना बोलवा, मानधन द्या, आणि पूर्ण तासभर बोलू द्या. धर्म कुठलाही असो त्यांचा.

मराठी शाळेत मोठ्या मुलांना मकासरची गलबतं आणि कराचीचे उंटवाले शिकवा. मुलांना हे फार आवडतं, चिंचेच्या झाडांची गोष्ट सांगितली की लगेच नकाशा काढून बसतात, मी घरी करून बघितलंय. दोन तासांचा धडा मी लिहून देते, चित्रांसकट. लिटल गिल्बर्ट स्ट्रीटची मशीद दाखवायला घेऊन जायचं तर आधी फोन करून वेळ ठरवावी लागेल, शुक्रवारची दुपार सोडून, ते कामही माझ्याकडे द्या. एप्रिलच्या सुट्टीत मरीला जायचं असेल तर किमान दोन गाड्या हव्यात, पाऊस झाला की तिकडचे कच्चे रस्ते बंद करतात, तेव्हा आत्तापासून ठरवलं तरच जमेल. पुढच्या कमिटी मीटिंगच्या अजेंड्यावर हे घ्या आणि मला दहा मिनिटं द्या.

तुमच्यातलीच एक,
ॲडलेड